कपाळावरचा पट्टा

पाऊस जरा कमी पडला असता तर बरं झालं असतं, असं म्हणायची पाळी कापतुलवाच्या टेकडीवर आजवर कुणावर आली नव्हती. यंदा आली. पाऊस थांबायचं नाव घेईना, आणि चहा असा माजला की एका टोकाकडून खुडत दुसऱ्या टोकाला पोचावं तोवर मागची झुडपं पुन्हा पोपटी. कारखान्यात आधीचाच चहा पोत्यांत पडून होता. त्याच्या पुढं मोंबासा बंदरातली गोदामं तुडुंब, आणि त्याच्याही पुढं समुद्रापलीकडचे घेणारे हात आखडून बसलेले.

"पाकिस्तानवाले म्हणतात महाग आहे. सुदानात लढाई चाललीय, तिथं कोण निवांत चहा पीत बसलंय?" काट्याच्या शेडमधला कारकून लांगात रोज हेच सांगायचा, जशी काही लढाई त्यानंच लावून दिली होती. "वर ठरलंय, अमुक दराच्या खाली विकायचा नाही. दर पडत नाही, पण चहाही हलत नाही. मी काय करू? मी काटा बघतो, बंदर नाही बघत."

"मग आमचं पान काय गाढवांना घालू?"

"गाढवं तरी कुठं राहिलीत बाबा?"

लोक हसले. गाढवं खरंच राहिली नव्हती. कातडं परदेशात जातं म्हणून चोरांनी टेकडीवरची गाढवं एकेक करून लांबवली होती. तापसुबेईचं गाढव सगळ्यात शेवटी गेलं. ओढ्यापलीकडच्या झुडपात त्याचा सांगाडा सापडला तेव्हा ती तिथं बराच वेळ उभी होती. रडली नाही. त्या टेकडीवर पुरुष गाढवासाठी रडत नाहीत.

तापसुबेई शेडमध्ये पुरुषांच्या बाजूला उभी असायची. डोकं तुळतुळीत, अंगात मेलेल्या नवऱ्याचा खाकी कोट, हातात त्याचीच काठी. अराप मोसोनिक गेला तेव्हा तिच्या पोटी काही नव्हतं. मग तिनं रीतीप्रमाणं गोठ्यातल्या गाई दिल्या आणि चेलेल नावाची तरणी पोर बायको करून घरी आणली. म्हाताऱ्यांनी दोघींच्या कपाळाला लोणी लावलं, आणि त्या दिवसापासून तापसुबेई नवरा झाली. चेलेलला जे मूल होईल ते अराप मोसोनिकच्या घराचं, आणि चहाची ती उतरंडीची जमीन त्या मुलाची. मूल कुणापासून झालं हे विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात बोट घालणं. पंचक्रोशीत अशी आणखीही घरं होती, कुणाला त्याचं नवल नव्हतं.

मात्र नवरा झालं की पुरुषासारखं राहायचं. चूल पेटवायची नाही, पाण्याचा डबा उचलायचा नाही, आणि कपाळाला पट्टा लावून पाठीवर ओझं तर मुळीच घ्यायचं नाही. पान खुडलं तर चालतं, खुडतात पुरुषही. पट्टा बायकांचा. तापसुबेईच्या कपाळावर केसांच्या रेषेखाली अजून आडवी खाच होती, पोरवयापासून ओझी वाहिल्याची. ती टोपी खाली ओढून ठेवायची.

"ऐका रे सगळे!" लांगातनं पत्र्यावर हात आपटला. "आता आठवड्यातून एकदाच ट्रक येणार. कारखान्याच्या वहीतल्या एका नंबरामागं दोन पोती. पान कोवळं पाहिजे, ताजं पाहिजे. आणि पुढच्या खेपेपर्यंत ज्या नंबरावर पान येणार नाही, तो नंबर बंद. वरचा हुकूम आहे."

"नंबर बंद म्हणजे?"

"म्हणजे झुडपं तुझी, पण चहा तुझा नाही. चुलीत घाल."

गर्दीत कुजबुज झाली. तापसुबेईनं आपली दोन पोती काट्यापुढं ढकलली. शेजारच्यानं हातगाडीवर टाकून आणली होती, म्हणून निदान इथवर आली होती. लांगातनं मूठभर पान काढून तळहातावर पसरलं आणि तोंड वाकडं केलं.

"हे काय? कळी कुठाय? सगळी वांझ पानं आणलीत."

कळी न धरता खुंटलेल्या फुटीला चहावाले वांझच म्हणतात, त्यात शिवी काही नाही. पण मागून कुणीतरी खिंकाळलं, आणि तापसुबेईला मागं न बघताही कळलं कोण ते. सिगेई. दिराचा मुलगा. शेडच्या समितीवर होता, टेकडीवरची एकुलती एक चालती मोटारसायकल त्याची होती, आणि काकाच्या जमिनीला लागून त्याची जमीन होती.

"काकू," तो पुढं येत म्हणाला, "कशाला जिवाला त्रास? पान मोठं झालंय, माणूस मिळत नाही. द्या की सोडून."

"काका म्हण," ती म्हणाली.

"कुणाला?"

"मला. लोणी लावलं त्या दिवशी तुझा बाप माझ्या हातची बिअर प्याला, तेव्हा मला भाऊ म्हणाला होता."

"बाप मेला माझा. त्याला काय विचारायचं आता? आम्ही म्हाताऱ्यांना विचारलंय." त्यानं आजूबाजूला बघून आवाज चढवला. "रविवारी बैठक आहे. प्रार्थनेनंतर, अंजिराच्या झाडाखाली. काकाची जमीन कुणाची ते ठरेल. बाईनं बाई आणली म्हणजे वारस झाला होय? आमच्या चर्चमध्ये तर हे पापच म्हणतात."

"तुझ्या चर्चला गाई नाही दिल्या मी," तापसुबेई म्हणाली आणि पोती ओढत शेडबाहेर आली. वांझ ठरलेलं पान तिनं गटारात ओतलं. रविवार लांब नव्हता, आणि ट्रकची पुढची खेप त्याच्या आदल्या दिवशीची होती.

घरी चेलेल चुलीपुढं बुटक्या स्टुलावर बसून मक्याचं पीठ घाटत होती. तिला उठता-बसताना भिंत धरावी लागायची. पोट चिरून मूल काढलं होतं, टाक्यांची जागा अजून ओली, कपड्याला चिकटायची. पोराचं नाव किप्रोप, पावसात जन्मलेला. काय मेला पाऊस हा, सगळं त्याच्यातच जन्माला आलं होतं.

"परत आलं ना पान?" चेलेलनं न वळताच विचारलं.

"कोवळं नव्हतं."

"कोवळं राहील कसं? दोन माणसांचं काम एकटीनं खुडायचं म्हटल्यावर. मजूर बोलवा."

"कशाच्या बळावर? मागच्या हंगामाचाच पैसा कारखान्यात अडकलाय. मागच्या खेपेला आलेल्या बायकांना तोंड कसं दाखवू?"

"मग मी येते उद्या."

"गप बस. टाके उसवतील."

"टाके तुमच्या पोटाला नाहीत, माझ्या पोटाला आहेत." चेलेलनं पीठ ताटात उलथलं. चारचौघांत ती तापसुबेईला 'धनी' म्हणायची, घरात 'आजी', आणि राग आला की काहीच नाही. "नंबर गेला तर काय खायचं? ह्या पोराला वारस वारस म्हणून नाचवताय, त्याला वारशात काय, वांझ पानं?"

तापसुबेईला ते लागलं. पण तिनं दुधाचा पोकळ भोपळा पुढं ओढला, आंबट दूध वाटीत ओतलं, आणि पुरुषासारखं आधी जेवून घेतलं. पोर झोपेत ओठ हलवत होतं. ह्या पोरासाठी तिनं आयुष्यातली सगळी लाज गिळली होती. देवानं पोट दिलं नाही, तर तिनं दुसऱ्याचं पोट आणून घर भरलं. आता त्याच्या हातून एका मोटारसायकलवाल्यानं जमीन काढून घ्यावी? अंगात होतं नव्हतं ते सगळं पणाला लावीन, असं तिच्या मनानं घेतलं.

सकाळी धुकं झुडपांच्या वर हातभर उभं होतं. प्लास्टिकचा अंगरखा बांधून ती उतरंडीत शिरली. झुडपांवर आडवी काठी ठेवायची, काठीच्या वर जे आलं ते खुडायचं. दोन पानं, एक कळी. बोटांची टोकं पाण्यानं पांढरी पडली, मग डिंकानं काळी. जुनं राकट पान आधी तोडून खाली टाकायचं, मग नव्याची वाट बघायची, हाच उपाय. पाठ वाकवून उभी राहिली की डोळ्यांपुढं काजवे. साठी कधीच उलटून गेली होती. पाऊस आला की झुडपाखाली बसायचं, थांबला की पुन्हा. गारा आल्या त्या दिवशी तिनं टोपलीच डोक्यावर पालथी घेतली, आणि खाली बसल्या बसल्या तिला हसूच फुटलं. नवरा व्हायला निघालेली बाई, टोपलीखाली कोंबडीसारखी बसलेली.

पान पुन्हा कोवळं आलं. प्रश्न न्यायचा होता. शेड पलीकडच्या धारेवर. खाली ओढा, ओढ्यावर फळी, मग चढ. शेजाऱ्याची हातगाडी चिखलात रुतून चाक मोडून पडली होती, आणि त्याचं स्वतःचंच पान त्याच्या बायका पाठीवरून नेत होत्या. उरला सिगेई.

तापसुबेई त्याच्या फाटकाशी गेली. तो मोटारसायकल पुसत होता.

"दोन पोती आहेत. तुझ्या फेरीत टाकून ने," ती म्हणाली. "पेट्रोलचं मी बघीन, पैसा आला की."

"नेतो की!" सिगेई चटकन म्हणाला. "घरचीच पोती. फक्त एक शब्द बोला."

"काय?"

"म्हणा, सिगेई, तुझी काकू अडचणीत आहे. बाईमाणूस अडलं तर आम्ही कधी नाही म्हणतो का? पुरुषानं मात्र स्वतःचं स्वतः बघावं." त्याची बायको अंगणात मका सोलत होती. तो तिच्याकडं वळला. "ऐकतेस ना गं? साक्षीला राहा."

तापसुबेईनं त्याच्याकडं बघितलं. एका शब्दाचं काम होतं. पान पोचलं असतं, नंबर वाचला असता, आणि रविवारी तोच शब्द झाडाखाली त्यानं सगळ्यांपुढं मांडला असता.

"तुझ्या काकानं तुला खांद्यावर बसवून ओढा पार करवलाय," ती म्हणाली. "तेव्हा पेट्रोल मागितलं नव्हतं."

"म्हणजे नको तर."

"नको."

त्याच दुपारी तिनं एक पोतं खांद्यावर टाकलं. पुरुष खांद्यावर नेतात, मग तीही नेईल. ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी यायचा होता, पान आदल्या संध्याकाळी शेडमध्ये ठेवून घेत. पोतं भिजून जड झालेलं. खांदा तर मानेसारखा शिकवलेला नव्हता. खाली फळीपर्यंत ती कशीबशी आली, फळीवर पाय सरकला. ओढ्यात पडली नाही, पण पोतं सांभाळताना गुडघा दगडावर आपटला. तिथं बसून तिनं गुडघा धरला. वरून चहाच्या बायका ओझी घेऊन आल्या, कपाळाला पट्टा, मान पुढं, हात मोकळे, गप्पा मारत झपझप. एक तापलेलेई नावाची म्हातारी थांबली. दोघी वयात येताना रीतीप्रमाणं एकाच वर्षी सुंता होऊन एकाच झोपडीत राहिलेल्या.

"काय गं, अशी का बसलीस?" आणि लगेच जीभ चावली. "असे का बसलात?"

"दम घेतेय."

"पट्टा देऊ माझा?" ती हळूच म्हणाली. "कोण बघतंय इथं?"

"सगळेच बघतात. रविवारी विचारतील."

"रविवारपर्यंत गुडघा राहिला तर!" तापलेलेई मान हलवत गेली. मागं वळून वळून बघत होती.

ते पोतं तिनं चार पावलं नेऊन ठेवायचं, पुन्हा उचलायचं असं करत वर आणलं. शेडला पोचली तेव्हा लांगात कुलूप लावत होता. त्यानं पोत्यात हात घातला आणि लगेच काढला.

"तापलंय. हात घालून बघा, भाकरीसारखं गरम. आतून लाल झालं असेल." त्यानं पोतं उलटं केलं. मधलं पान खरंच तांबडं पडलं होतं. इतका वेळ दाबून, खांद्यावर घुसळत आणलेलं, दुसरं काय होणार? "हे घेतलं तर माझी नोकरी जाईल. उद्या ताजं आणा. पहाटे खुडा, लगेच आणा, झटपट. खांद्यावरून नाही व्हायचं हे."

"मग कशावरून होईल?"

लांगातनं तिच्या कपाळाकडं बघितलं आणि नजर फिरवली. पोरगा भला होता बिचारा.

त्या रात्री तिला झोप नव्हती, पण तिनं कूस बदलली नाही. कूस बदलली की चेलेल विचारायची. आणि विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, आणि चेलेल पहाटे उठून स्वतः निघाली असती.

उजाडायच्या आधी ती चहात होती. हात असे चालले की स्वतःच थक्क व्हावी. दोन पोती ताजी, कळीदार, हलकी दाबलेली. कोवळ्या पानाचा तो कच्चा वास आला की तिला अजून बरं वाटायचं, सगळ्या हालांतही. मग ती गोठ्यात गेली आणि खुंटीवरचा चेलेलचा चामडी पट्टा काढला.

टोपी काढली. पट्टा कपाळावर टेकवला तर खाचेत अलगद बसला, जसा कधी निघालाच नव्हता. गुडघ्यावर बसली, दोन्ही पोती पाठीला लावली, आणि उठली. मान पुढं गेली, पाय आपोआप चालू लागले. ओझं तेवढंच होतं, पण आता ते अंगाला ओळखत होतं. फळी तिनं न थांबता ओलांडली.

चढावर बायका भेटल्या. मग तापलेलेई बाजूला झाली, तिला मधे घेतलं, आणि सगळ्याजणी तिच्या पुढं-मागं चालू लागल्या, म्हणजे लांबून एक ओझं दुसऱ्यापासून वेगळं दिसू नये. पण शेडपुढं मोकळं मैदान होतं. तिथं काही लपत नाही. सिगेईनं तोंडातली काडी काढली, आणि आनंदानं त्याचा चेहरा फुलला, पोराला मिठाई दिसावी तसा.

"काकू आली बघा आमची!" तो ओरडला. "बघून घ्या सगळ्यांनी! डोळे भरून बघून घ्या!"

लांगातनं पान तपासलं, काट्यावर चढवलं. "चांगलं आहे," तो म्हणाला, गरजेपेक्षा जरा मोठ्यानं. "पहिल्या प्रतीचं. नंबर राहिला."

तिनं पट्टा गुंडाळून कोटाच्या खिशात घातला. नंबर राहिला होता. बाकी जे गेलं ते आता अंजिराच्या झाडाखाली कळणार होतं.

रविवारी पाऊस उघडला. म्हातारे स्टुलांवर गोल बसले. मधे अराप चुमो, टेकडीवरचा सगळ्यात जुना माणूस, काठीवर हनुवटी टेकून. चेलेलचा बापही आला होता, लांबून, नवे बूट घालून. सिगेई आधी बोलला, आणि बरंच बोलला. पाप म्हणाला, कायदा म्हणाला, मग म्हणाला, "हे सगळं सोडा. काल शेडवर काय पाहिलं ते सांगा. कपाळाला पट्टा होता की नव्हता? पुरुष पट्टा लावतो का? लावत असेल तर तुम्हीही सगळे लावा उद्यापासून."

हशा झाला. अराप चुमोनं हसणाऱ्यांकडं बघितलं आणि ते थांबले.

"पट्टा होता का?" त्यानं तापसुबेईला विचारलं.

"होता."

"का?"

"बायको बाळंतीण आहे. पोट चिरलंय तिचं. पान नेलं नसतं तर नंबर गेला असता, आणि नंबर माझा नाही, मुलाचा आहे." तिनं खांद्यावर हात ठेवला. "खांद्यावरून नेऊन बघितलं आदल्या दिवशी. पान लाल झालं. विचारा लांगातला. मुलासाठी मी गटारातूनही सरपटत गेले असते. तुमच्यातला कुठला बाप जाणार नाही?"

म्हाताऱ्यांत कुजबुज झाली. चेलेलच्या बापानं घसा खाकरला. "मला एवढंच म्हणायचंय, गाई मी पुरुषाकडून घेतल्या. त्यातल्या दोन विकल्या, एक मेली. आता ही बाई आहे असं ठरलं तर गाई परत कोण देणार? माझ्याकडं नाहीत." आणि तो खाली बसला. सगळ्यांत जास्त खरं बहुतेक तोच बोलला होता.

अराप चुमोनं काठी मांडीवर आडवी घेतली. माश्या त्याच्या हातावर बसत-उठत होत्या.

"गाई गेल्या," तो शेवटी म्हणाला. "लोणी लावलं. ते मीच लावलं. जे लावलं ते पावसानं धुऊन जात नाही. तापसुबेई अराप मोसोनिकच्या घरचा पुरुष आहे. पोरगा त्याचा. जमीन पोराची. सिगेई, तू त्या जमिनीची मोजणी-बिजणी काही करायची नाहीस."

तापसुबेई घरच्या वाटेकडं वळलीच होती. तेवढ्यात म्हाताऱ्यानं काठी उचलली.

"पण मी ऐकलं ते सगळ्या टेकडीनं पाहिलं. पुरुषाच्या कपाळावर पुन्हा पट्टा दिसता कामा नये. ओझं असो, पाणी असो, पाऊस पडो की मुलं मरोत. पुन्हा दिसला तर मी लावलेलं लोणी मीच खोटं म्हणीन. मान्य?"

"मान्य," ती म्हणाली. तिनं विचार केलाच नाही. आनंदानं म्हणाली.

सिगेईही मान हलवत होता. "मान्य. मी लक्ष ठेवीन."

घरी ती जवळजवळ पळत आली, दुखऱ्या गुडघ्यानं. किप्रोपला उचललं, वर धरलं. "जिंकलो रे! जमीन तुझी! कळलं का, लबाडा?" पोर भेदरून रडायला लागलं. तिनं चेलेलला सगळं सांगितलं, बापाचे नवे बूटसुद्धा. चेलेल हसली, खूप दिवसांनी. मग तिनं पोर घेतलं, छातीला लावलं, आणि विचारलं, "आणि पान कोण नेणार?"

तापसुबेईनं खिशातला पट्टा काढला आणि भुईवर ठेवला.

"ट्रक शनिवारी येईल ना पुन्हा? दोन पोती न्यायची. नाहीतर नंबर जाईल. मग?"

"कुणीतरी मिळेल."

"कोण?"

तिनं आठवडाभर शोधलं. तापलेलेईची सून स्वतः तापानं आडवी होती, तिचंही ओझं तापलेलेईवरच. दुसऱ्या धारेवरची एक बाई हो म्हणाली आणि मग सिगेईच्या बायकोशी तिचं बोलणं झालं आणि नाही म्हणाली. लांगातनं ट्रकवाल्याला विचारलं, ट्रकवाला म्हणाला, मी काय दारोदार फिरू? तापसुबेईनं ट्रकच्या आदल्या दिवशी आणि त्या पहाटे मिळून पान खुडलं. खुडायला तिला कुणाची बंदी नव्हती. दोन्ही पोती तिनं अंगणात भिंतीशी आणून ठेवली. त्यापुढं तिचे हात चालत नव्हते.

चेलेल आतून बाहेर आली. पोट कापडानं घट्ट आवळलं होतं, चेहरा मेणासारखा. पोर तिनं न बोलता तापसुबेईच्या मांडीवर ठेवलं. पुरुषानं तान्हं धरू नये असं काही नव्हतं, नशीब.

"नको जाऊस," तापसुबेई म्हणाली. "जाऊ दे नंबर."

"जाऊ दे? मग रविवारी जिंकलं काय?" चेलेल कष्टानं गुडघ्यावर बसली, पोती पाठीला ओढली, पट्टा कपाळावर चढवला. उठायला गेली आणि उठता येईना. तिनं एक हात जमिनीवर टेकला, ओठ दाताखाली धरला, पुन्हा जोर लावला. पुन्हा खाली आली.

तापसुबेई पोराला घेऊन अर्धी उठली. कुंपणापलीकडं मोटारसायकल बंद केल्याचा आवाज आला. सिगेई रस्त्यावर एक पाय टेकून बसला होता, घाई नसल्यासारखा, आणि त्याच्या मागं मोटारसायकलवर अराप चुमोचा नातू. दोघं अंगणात बघत होते.

ती खाली बसली. स्टूल कुरकुरलं. पोर तिच्या कोटाचं बटण चोखत होतं. चेलेलच्या कपड्यावर पोटाशी एक ओला डाग पसरायला लागला होता, आणि तो पाण्याचा नव्हता, हे तिला इथूनही कळत होतं. धाव, उचल, फेकून दे तो पट्टा, असं तिचं सगळं अंग ओरडत होतं. पण मांडीवरच्या पोराची जमीन त्या एका पावलावर टांगलेली होती.

"उठ," ती म्हणाली. आवाज खरखरीत आला, टेकडीवरच्या सगळ्या नवऱ्यांचा असतो तसा. "ऊन वर आलं. ट्रक तुझ्यासाठी थांबणार नाही."

चेलेलनं एकदा मान वर करून तिच्याकडं बघितलं. मग भिंतीला धरून ती उठली, वाकूनच, आणि ओढ्याकडं चालू लागली.

सिगेईनं मान डोलावली. "बरोबर आहे, काका," तो म्हणाला, आणि मोटारसायकलला किक मारून निघून गेला.